मागच्या बाकावरची कोंबडी

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा आनंदराव शिळीमकरांनी आपल्या भोर-कापूरहोळ मोटारीच्या पाठीला पुरुषभर उंचीचं एक पत्र्याचं पिंप बसवून घेतलं. पिंपात लाकडी कोळसा पेटवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि आतला वायू नळीनं थेट इंजिनात सोडायचा, की मोटार चालते. पुण्यात अशा मोटारी धावत होत्याच. निघण्याआधी ड्रायव्हर गेणू पाऊण तास पिंपाचा पंखा हातानं गरगरा फिरवायचा. चढ आला की उतारू खाली उतरून मोटार ढकलायचे आणि पुन्हा आत बसायचे. फाल्गुनापासून हे असं चाललं होतं आणि मोटार चालते आहे एवढ्यावर सगळे खूश होते.

भाद्रपदातल्या एका बाजाराच्या दिवशी पावसाची झोड होती, म्हणून गेणूनं ताडपत्रीचे पडदे चारी बाजूंनी आवळून बांधले. कापूरहोळला मोटार थांबली. पुढचे उतारू उतरले, मधले उतरले. शेवटच्या बाकावरचे तिघे मात्र बसूनच राहिले. गेणूनं हाका मारल्या, खांदे हलवले, शेवटी तिघांनाही उचलून रस्त्याकडेला निजवलं. अर्ध्या तासानं एक जण उठून ओकला. दुसऱ्यानं डोळे उघडून "कापूरहोळ आलं का?" असं विचारलं. तिसरा म्हादू धनगर. त्याला आपलं गाव कोणतं ते घटकाभर आठवेना. त्याच्या पायाशी त्याची शेळी बसली होती. ती काही उठली नाही.

म्हादूनं मेलेली शेळी खांद्यावर टाकली आणि चालत भोर गाठलं. मोटारीत परत बसायला तो तयार नव्हता. तालुक्याच्या कचेरीत शिरून त्यानं शेळी मामलेदार रावसाहेबांच्या टेबलापुढं ठेवली.

"ही काय भानगड?" रावसाहेब खुर्ची मागं सरकवत म्हणाले.

"शेळी, सायेब."

"ते दिसतंय मला."

"मोटारीत बसली ती उठलीच न्हाई. ताप न्हाई, जुलाब न्हाई, जनावर चावलं न्हाई. म्या तिच्या शेजारीच हुतो. म्या उठलो, ती न्हाई उठली. ह्याचा काय तो निवाडा करा."

रावसाहेबांना निवाडा करायचा नव्हता, पण शेळी टेबलापुढून हलेना आणि म्हादूही हलेना. तेव्हा त्यांनी सावळाराम साळेकरला हाक मारली.

सावळाराम जन्ममृत्यूच्या वहीचा कारकून होता. गावोगावचे पोलीस पाटील तोंडी सांगत तसं तो मेलेल्याचं नाव, वय आणि कारण वहीत उतरवी. अक्षर सुरेख, आणि स्वभाव असा, की एकदा काम अंगावर घेतलं म्हणजे ते टोकाला नेल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. कचेरीत त्याला कुणी मोठं काम देत नसत ते याच कारणानं.

"सावळाराम, तुम्हांला मरणाचं कळतं," रावसाहेब म्हणाले.

"मला नोंदींचं कळतं, साहेब."

"तेच ते."

संध्याकाळी हुकूम त्याच्या हातात पडला. 'सदर कोळशाच्या यंत्रापासून उतारूंच्या जिवास किती धोका आहे, हे समक्ष पाहून तीन आठवड्यांत कळवावे. तोवर मोटार चालू ठेवावी, म्हणजे धोका पाहता येईल.'

सावळारामनं हुकूम दोनदा वाचला. 'किती' या शब्दापाशी तो अडकला. धोका आहे की नाही हे म्हादूच्या शेळीनं सांगितलंच होतं. किती, हे कसं मोजायचं? दूध मोजायला माप असतं, भात मोजायला पायली असते. धुराला काय लावायचं? त्यातून हा वायू दिसत नव्हता आणि त्याला धड वासही नव्हता.

शेजारच्या सारजाबाईंच्या अंगणात कोंबड्या टिपत होत्या. त्यांच्याकडं बघता बघता त्याला सुचलं. शेळीपेक्षा कोंबडी लहान. शेळीला जे उशिरा कळतं ते कोंबडीला लवकर कळेल.

"तीन कोंबड्या द्या, वहिनी. सरकारी कामाला हव्यात," तो म्हणाला.

सारजाबाईंनी पदर खोचला. "सरकारी कामाला गेलेली कोंबडी म्या आजवर माघारी आलेली बघितली न्हाई, भावजी."

"तसं नव्हं. मोटारीत बसवायच्यात."

सारजाबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. एवढं वेडगळ कारण खोटं असणार नाही, असं वाटून त्यांनी कोंबड्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सावळाराम तीन दुरड्या घेऊन मोटारीत चढला. एक दुरडी पुढच्या बाकावर, एक मधल्या, एक शेवटच्या. हातात घड्याळ आणि मांडीवर कागद घेऊन तो मधोमध उभा राहिला. उतारूंनी आधी कटकट केली. कोंबडीला बाक आणि माणूस उभा, हा कुठला कायदा? पण कशासाठी ते कळल्यावर सगळे माना वळवून मागच्या दुरडीकडं बघायला लागले. मागच्या बाकावर कुणी बसेना.

भाटघरच्या अलीकडं मागची कोंबडी डोळे मिटायला लागली. चढावर उतारू ढकलायला उतरले, पण सावळाराम उतरला नाही. त्याला नजर काढता येत नव्हती. चढ संपला तेव्हा कोंबडीची मान दुरडीच्या काठावर लोंबत होती.

"पडली! पडली!" उतारू ओरडले. गेणूनं करकचून मोटार थांबवली. सावळारामनं दुरडी उचलून बाहेर बांधावर नेली. कोंबडी पाच-सात मिनिटांत उठली, पिसं झाडली आणि चिखलात चोच मारायला लागली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कापूरहोळपर्यंत असं दोनदा झालं.

त्यानं कागदावर लिहिलं : 'पुढील बाक – कोंबडी सावध. मधील बाक – कोंबडी विचारात. शेवटील बाक – कोंबडी आडवी.'

चार दिवस त्यानं असाच प्रवास केला. कोंबड्यांच्या जागा बदलून पाहिल्या. कोणतीही कोंबडी असो, शेवटच्या बाकावरची पडायचीच. पडदे उघडे ठेवले तर उशिरा पडे, बांधले तर लवकर. चौथ्या दिवशी मोटारीत एवढी गर्दी झाली की गेणूला लोक खाली उतरवावे लागले. लोक पुढं दाटीवाटीनं उभे राहून मागं बघत, आणि मागचा बाक कोंबडीला एकटीला मोकळा असे.

आनंदराव शिळीमकरांना हे कळलं तेव्हा ते धोतराचा सोगा हातात धरून तरातरा कचेरीत आले. माणूस तसा वाईट नव्हता. मोटार बंद पडली तर कापूरहोळहून औषधपाणी आणि टपाल कसं येणार, ही काळजी त्यांना खरोखरीच होती.

"रावसाहेब, कोंबडीचं काय सांगता? कोंबडी जात्याच झोपाळू. बैलगाडीत बसवा, तिथंही झोपेल. आणि बैलगाडीत धोका नाही काय? गेल्या साली चार गाड्या उलटल्या. धोका, धोका म्हणता, तो कशापेक्षा? आधी ते सांगा."

रावसाहेबांना हा मुद्दा फार पटला. धोका कशापेक्षा, हे हुकमात लिहायचं राहून गेलं होतं. त्यांनी हुकमाच्या तळाशी एक ओळ वाढवली : 'तसेच अन्य साधनांशी ताडून पाहावे.'

सावळाराम कोंबडी घेऊन रखमाजीच्या बैलगाडीत बसला. कोंबडी सगळा वेळ मान उंच करून इकडंतिकडं बघत होती. ओढ्यापाशी बैल बुजले, गाडी कलंडली आणि सावळाराम उताणा भाताच्या खाचरात जाऊन पडला. उठून, तोंडावरचा चिखल पुसत त्यानं आधी दुरडी शोधली. मग ओल्या कागदावर लिहिलं : 'बैलगाडी – कोंबडी सावध. तपासनीस चिखलात.'

"ह्ये बी लिवायचं?" रखमाजीनं विचारलं.

"झालं ते लिवायलाच पायजे."

"मग बैल कशानं बुजलं त्ये बी लिवा. तुमची कोंबडी वरडली म्हणून बुजलं."

सावळारामनं तेही लिहिलं.

त्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "चंद्रे, कोळसा येतो कुठनं?"

चंद्राबाई चुलीपुढं बसल्या बसल्या खोकत होती. ढास थांबल्यावर म्हणाली, "हिर्डोशीकडनं. डोंगरातनं. सगळ्यांना ठावं हाय."

"मग मोटारीचा धोका कापूरहोळच्या रस्त्यावर सुरू होतो की हिर्डोशीत?"

"ते तुमी बघा. भाकरी गार व्हायली."

हिर्डोशीला तो दोन दिवस चालत गेला. वाटेत पाऊस, वरंध्याकडच्या डोंगरांवर ढग उतरलेले. भट्टी लावणारा बाजी नाचणीच्या शेतात होता. त्यानं सावळारामला रानाच्या कडेला नेऊन जागा दाखवली. उन्हाळ्यात इथं लाकडं रचून वर पाला आणि माती लिंपत, आणि आठ-आठ दिवस ती आत धुमसत ठेवत. आता तिथं काळं, गवत उगवलेलं एक वर्तुळ उरलं होतं.

"हितं कुणाला काय इजा झाली का कधी?" सावळारामनं कागद काढत विचारलं.

बाजीनं बांधाकडं बघून हाक मारली, "भागू वैनी, हिकडं या."

भागूबाई आली. तिशीच्या आतबाहेरची असेल. कपाळ मोकळं होतं.

"मोटारीच्या कोळशाचं विचारत्यात," बाजी म्हणाला.

भागूबाई उभ्या उभ्याच सांगायला लागली. "वैशाखात वळीव आला. आमचं मालक भट्टी राखत हुतं. भिजू नये म्हणून खोपीत शिरलं. खोपीचं त्वांड भट्टीकडंच. सकाळच्याला म्या न्याहारी घिऊन आले, तर झोपल्यालं. गाल तांबूस, जित्या माणसावानी. म्या म्हणलं दमल्यात, झोपू द्या. बाजूला बसले. उन्हं वर आली तरी उठनात. तवा हात लावला." ती थांबली. "आंग गार हुतं. म्या शेजारी बसून ऱ्हायले, आन् ते गार हुतं."

"नाव काय त्यांचं?"

"चिमाजी."

सावळारामच्या हातातली पेन्सिल थांबली. हे नाव त्यानं वहीत लिहिलं होतं. चिमाजी, हिर्डोशी, वय तेहतीस, कारण : ताप. पाटलानं कारण सांगितलं नव्हतं आणि रकाना मोकळा ठेवायचा नसतो, म्हणून त्यानं ताप लिहिला होता. तो नेहमीच तसं करायचा. त्या वहीत अर्धा तालुका तापानं मेला होता.

"वैनी, म्या वहीत ताप लिवलाय," तो म्हणाला. कचेरीची भाषा त्याच्या तोंडून कधीच गळून गेली होती.

"त्यास्नी कुठला ताप? मग खोडा की."

"वहीत खोडाखोड चालत न्हाई."

भागूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मग त्या मोटारीच्या कागदात तरी लिवा."

त्यानं तिथंच, पावसात, छत्री बाजीच्या हातात देऊन लिहिलं.

परत आल्यावर त्याला ताप भरला, खरोखरचा ताप. तीन दिवस तो घरी पडून होता. बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद, लाकडं ओली. स्वयंपाकघरातून धूर येत होता आणि धुरातून चंद्राबाईचा खोकला. बारा वर्षं तो हा खोकला ऐकत होता. सकाळी खोकला आला की चूल पेटली आणि थांबला की भाकरी झाली, असं त्याचं घड्याळच होतं ते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला वाटलं, हे काय आहे?

तो उठला. दुरडीत कोंबडी घातली आणि चंद्राबाईच्या तोंडाच्या उंचीला, तिच्या शेजारी फळीवर ठेवली.

"ह्ये काय आता?"

"सरकारी काम. तू भाकरी कर."

दोन भाकऱ्या झाल्या. तिसरी तव्यावर पडली आणि कोंबडीची मान दुरडीबाहेर आली. सावळारामनं घड्याळ पाहिलं. मोटारीत भाटघर यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा. त्यानं कोंबडी उचलून ओसरीवर नेली.

सारजाबाई तिथंच होत्या. त्यांना हे मान्य नव्हतं. "आमच्या कोंबड्या जन्मभर चुलीभवती हिंडत्यात. एक बी मेली न्हाई."

"त्या मोकळ्या असत्यात, वहिनी. डोळं चुरचुरलं की भायेर पळत्यात."

"मग?"

"बाईला पळता येत न्हाई. भाकरी तव्यावर असती."

आतून चंद्राबाई खोकत म्हणाली, "आवो, झालं का सरकारी काम? लाकूड आत सारा जरा."

अहवाल चोवीस पानी झाला. रावसाहेबांनी आनंदरावांना बोलावून घेतलं आणि तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कोंबड्या, बाक, पडदे, बैलगाडी, चिखल. मग त्यांचा आवाज अडखळला.

"'मोटारीमुळे मृत : शेळी एक. इसम एक, चिमाजी, हिर्डोशी, कोळशाच्या भट्टीजवळ.' हा कोण?"

"हा तर माझ्या मोटारीत कधी बसलाच नाही!" आनंदराव उसळून म्हणाले.

"बसला नाही. पण भट्टी तुमच्या मोटारीची होती," सावळाराम म्हणाला.

"सावळाराम, एवढी ओळ काढून टाका," रावसाहेब म्हणाले. "विषय मोटारीचा आहे."

"ओळ काढायची तर सगळा कागद परत द्या, साहेब. ती ओळ न्हाई तर अहवाल न्हाई."

वीस वर्षांच्या नोकरीत सावळाराम कुणापुढं असं बोलला नव्हता. त्याचे कान तापले होते. रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ओळ राहू दिली. ते पुढं वाचायला लागले आणि तेविसाव्या पानावर थांबले.

"चुलीपुढं कोंबडी मोटारीपेक्षा लवकर पडली?"

"होय, साहेब. दोन भाकऱ्यांत."

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे मोटार चुलीपेक्षा सुरक्षित आहे."

"मी तसं लिहिलं नाही. दोन्ही वाईट आहेत असं लिहिलंय."

"पण ताडून पाहिलं तर?"

"ताडून पाहिलं तर..." सावळाराम अडखळला. ताडून पाहिलं तर तसंच होतं. "तर होय."

आनंदरावांनी टेबलावर थाप मारली. आठवड्याच्या आत मोटारीच्या कपाळावर लाल अक्षरांत रंगवलेली पाटी झळकली : 'चुलीपेक्षा सुरक्षित'. मागच्या बाकावर लोक पुन्हा बसायला लागले. चुलीपुढं जन्म गेलेल्या म्हाताऱ्या तर मुद्दाम मागं जाऊन बसत. इथं काय व्हायचंय, म्हणत.

रावसाहेबांपुढं मात्र नवाच पेच पडला. सरकारी कागदावर चूल आता मोटारीहून धोक्याची ठरली होती आणि चुलीबाबत कचेरीनं काहीच केलं नव्हतं. उद्या वरून विचारणा झाली तर? त्यांनी दुसरा हुकूम काढला. काळ्या शाईत, ठळक अक्षरांत. तराळ गावोगाव दवंडी देत फिरला : "ऐका हो ऐका! घरोघरच्या चुली कचेरीतर्फे तपासून घ्याव्यात हो! बिनतपासणीची चूल पेटवील त्यानं कचेरीत येऊन जबाब द्यावा हो!"

भोरला लागून असलेल्या उत्रोलीला ही दवंडी सकाळी झाली. चुलींचे तपासनीस एकच होते, सावळाराम, आणि भोर-उत्रोलीतच हजारावर चुली होत्या. धोंडाबाई नावाची एक धिप्पाड बाई होती. तिनं दवंडी दारात उभं राहून नीट ऐकून घेतली. मग तिनं गावातल्या चाळीस-पन्नास बायका गोळा केल्या. प्रत्येकीनं तवा, काठवट, पीठ आणि लाकडाची एकेक मोळी घेतली. दुपारी बाराच्या सुमाराला हा सगळा घोळका कचेरीच्या आवारात येऊन ठेपला.

"काय पाहिजे?" शिपाई भिमा दारात आडवा झाला.

"तपासणी," धोंडाबाई म्हणाली. "चुली हितंच आणल्यात. तपासा. पोरं उपाशी हायेत."

चाळीस-पन्नास जणींनी तीन-तीन दगड मांडले, ओली लाकडं सारली आणि चुली पेटवल्या. नेमका वारा कचेरीकडं होता. पाहता पाहता धुराचे लोट खिडक्यांतून आत शिरले. कारकून डोळे पुसत बसले. दप्तरं दिसेनाशी झाली. रावसाहेब आपल्या खोलीत पाच मिनिटं मानानं बसून राहिले, मग जी ढास लागली ती थांबेना. भिमानं त्यांना खांद्याला धरून मागच्या दारानं बाहेर आणलं आणि पेरूच्या झाडाखाली बसवलं.

सावळाराम आवारात कोंबडी घेऊन फिरत होता. तपासणी मागितली होती, ती द्यायलाच हवी होती. त्यानं धोंडाबाईच्या चुलीशेजारी, तिच्या तोंडाच्या उंचीला दुरडी धरली आणि घड्याळ बघत उभा राहिला. दोन भाकऱ्या झाल्या. पाच झाल्या. दहा झाल्या. कोंबडी मान वाकडी करून काठवटीतल्या पिठाकडं बघत होती. दुसऱ्या चुलीपाशीही तेच. दहाव्या चुलीपाशीही तेच.

"पडंना व्हय?" धोंडाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग आमच्या चुली चांगल्या हायेत की. का सांगावं धाडता?"

सावळारामनं वर पाहिलं. धूर सरळ वर जाऊन कचेरीच्या खिडक्यांकडं वळत होता. लाकूड तेच, चूल तीच. डोक्यावर छप्पर नव्हतं.

"धोंडाबाई," तो म्हणाला, "घरात चुलीवर कौलं किती हायेत?"

"आं? म्या काय मोजलीत?"

"त्यातली चार काढायची."

त्याच संध्याकाळी रावसाहेबांनी पेरूखाली बसूनच चुलींचा हुकूम मागं घेतला. सावळाराम तिथून तडक मोटारीच्या तळावर गेला. गेणू पिंप झाडत होता.

"मागचा पडदा काप," सावळाराम म्हणाला.

"मालक काय म्हणतील?"

"मागं बसून बघितलंस का कधी?"

"म्या पुढं बसतो न्हवं, मोटार हाकायला." गेणू जरा घुटमळला. "म्हादूला उचलला तवा मला वाटलं मेला." त्यानं खिशातून चाकू काढला आणि मागची ताडपत्री वरपासून खालपर्यंत टराटरा फाडली. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचे उतारू पावसानं चिंब भिजले आणि कोंबडी कापूरहोळपर्यंत जागी राहिली. आनंदरावांनी थोडा आरडाओरडा केला, पण पाटी राहिली आहे एवढं पाहून ते गप्प बसले.

मग सावळाराम घरांकडं वळला. आधी स्वतःच्या. चंद्राबाई नको नको म्हणत असताना त्यानं शिडी लावली, चुलीवरची चार कौलं उचलून तिथं वर एक पत्रा तिरका बसवला, की पाऊस आत येऊ नये आणि धूर बाहेर जावा. दुसऱ्या दिवशी उत्रोलीला धोंडाबाईचं घर. मग तिच्या जावेचं. तिसऱ्या घराचं छप्पर जुनं होतं आणि कौलं शेवाळलेली. सावळारामनं चौथ्या कौलाला हात घातला, पाय सटकला आणि तो घरंगळत येऊन गोठ्यापुढं पडला. डावा पाय नडगीत मोडला.

पुण्याला न्यायचं तर कापूरहोळपर्यंत मोटारीवाचून दुसरा उपाय नव्हता. गेणूनं त्याला शेवटच्या बाकावर आडवा केला, कारण आडवं होता येईल एवढा तोच एक बाक होता. भाटघरच्या चढावर मोटार थांबली. उतारू खाली उतरून ढकलायला लागले. फाटक्या पडद्यातून सावळारामला त्यांचे लाल झालेले चेहरे दिसत होते. म्हादूही त्यांच्यात होता. काय झालंय ते बघायला तो मुद्दाम आला होता, पण आत बसत नव्हता. चढापर्यंत चालतच आला होता.

"जिवंत हाईस न्हवं?" म्हादू ढकलता ढकलता ओरडला.

"हाय!"

"झोपू नगंस!"

कापूरहोळ येईपर्यंत उतारू पाळीपाळीनं त्याला हाका मारत राहिले. पायातून कळा येत होत्या, झोपायची त्याला सोयच नव्हती. त्यानं खिशातून कागद काढला आणि हेलकावे खात लिहिलं : 'धूर काढण्याच्या उपायामुळे जायबंदी : इसम एक.' हे लिहिलं नाही तर अहवाल खोटा होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. उपायाचाही धोका मोजायला हवा. शंभर चुलींमागं एक पाय, असं धरलं तर तालुक्यात किती पाय होतील, याचा हिशेब तो पुण्यापर्यंत करत राहिला आणि त्याला घाम फुटला.

दीड महिन्यानं पायाला पट्ट्या बांधलेला सावळाराम घरी आला. गावानं त्याला ओसरीवर खाटेवर घातलं. तिथून त्याला समोरच्या आळीतली घरं दिसत होती. त्यानं मोजलं. अकरा घरांच्या छपरांतून निळसर धूर सरळ वर निघत होता.

"चंद्रे! कोण चढलं होतं वर? किती पडले?"

"कुणी चढलं न्हाई," चंद्राबाई आतून म्हणाली.

"मग कौलं कशी हालली?"

चंद्राबाई बाहेर आली. पदरानं हात पुसत तिनं कोपऱ्यातली वेळूची काठी उचलली आणि ओसरीच्या छपराला खालून टेकवून एक कौल अलगद वर उचलून दाखवलं. उजेडाचा पट्टा सावळारामच्या तोंडावर पडला.

"धोंडाबाईनं दाखवलं. चुलीपुढं बसल्या बसल्या ढकलायचं. काम झालं की काठीनंच खाली वढायचं. वर चढायचं कशाला?"

"हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं का?" चंद्राबाई म्हणाली आणि काठी खाली घेतली. "सारजावैनी तर म्हणल्या, त्यास्नी शिडीवर बघून आमास्नी वाटलं ह्ये बी सरकारी काम आसंल."

सावळारामनं कागद मागितला. चंद्राबाईनं तो दिला नाही. तिनं पितळीत गरम भाकरी आणि पिठलं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि आधी ते खा म्हणाली.